दहा सिटिंगचा हिशेब: उतारवयातली फिजिओथेरपी आणि पुरावा

घरात सत्तरीचं माणूस असलं की फिजिओथेरपीशी कधी ना कधी गाठ पडतेच. कुणाचे गुडघे कुरकुरतात, कुणी बाथरूममध्ये घसरून खुबा मोडून घेतं, कुणाची एक बाजू लुळी पडते. मग ऑर्थोपेडिक डॉक्टरांच्या कागदावर शेवटची ओळ येते: ‘फिजिओथेरपी, १० सिटिंग’. ठाण्यात नौपाडा असो, वर्तकनगर असो की घोडबंदर रोड, हाकेच्या अंतरावर क्लिनिक असतंच. तिथे पडद्याआडच्या बेडवर दहा मिनिटं शेक, दहा मिनिटं करंट, गार जेल लावून पाच मिनिटं अल्ट्रासाउंड आणि उरलेल्या वेळात गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ‘दाबा, सोडा, दाबा, सोडा’. दहा दिवस संपतात. आजी म्हणतात, ‘बरं वाटतंय हो.’ आणि अकराव्या दिवशी जिना उतरताना पूर्वीसारखाच कठडा घट्ट धरतात.

मी याच व्यवसायातली आहे, तेव्हा हे घरातलंच बोलणं समजा. सिटिंग दहाच का? सहा का नाहीत, तीस का नाहीत? करंट कशासाठी? ‘दाबा, सोडा’ केल्याने जिना चढता येतो, हे कुणी पडताळून पाहिलंय का? असे प्रश्न विचारायचे, त्यांची उत्तरं नीट केलेल्या अभ्यासांत शोधायची आणि मग समोरच्या माणसाला झेपेल, पटेल असा उपचार ठरवायचा. पुराव्यावर आधारलेली फिजिओथेरपी म्हणतात ती हीच. ऐकायला यात नवल काही नाही. पण ज्येष्ठांच्या बाबतीत हे पुरावे एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात आणि ती घरच्यांना आणि आम्हा फिजिओंनाही पचायला जड जाते: म्हाताऱ्या माणसांना आपण फार कमी व्यायाम देतो.

बरं वाटलं म्हणजे गुण आला का?

‘आमच्याकडे शेकडो पेशंट बरे झालेत’ हे कुठल्याही क्लिनिकमध्ये ऐकायला मिळतं आणि ते खोटंही नसतं. त्यातले किती उपचाराने बरे झाले आणि किती नुसते दिवस गेल्याने, हे मात्र क्लिनिकमध्ये बसून कळत नाही. गुडघेदुखी चढते, उतरते. माणूस दवाखान्याची पायरी चढतो ती दुखणं असह्य झाल्यावर. तिथून पुढे काहीही केलं तरी ते थोडं उतरणारच. शिवाय कुणीतरी रोज अर्धा तास आपली विचारपूस करतंय, हात लावून बघतंय, यानेही दुखणं हलकं होतं. मुलगा-सून कामावर गेल्यावर दिवसभर एकट्या असणाऱ्या आजींचं तर होतंच होतं. आणि ज्यांना गुण येत नाही ते तसं सांगायला परत येत नाहीत, ते दुसरं क्लिनिक गाठतात. फिजिओच्या नजरेसमोर उरतात ते बरे झालेलेच.

यावर तोडगा म्हणजे चिठ्ठ्या टाकून केलेला अभ्यास. सारख्या वयाचे, सारख्या दुखण्याचे लोक घ्यायचे, कुणाला कोणता उपचार मिळणार हे चिठ्ठी टाकून ठरवायचं आणि शेवटी मोजमाप घेणाऱ्याला कोण कुठल्या गटात होतं याचा पत्ता लागू द्यायचा नाही. दोन्ही गटांचे दिवस सारखेच सरतात, दोन्हीकडचं दुखणं आपसूक उतरायचं तेवढं उतरतं. त्यानंतरही फरक उरला, तर तो उपचाराचा.

आर्ची कॉक्रेन या स्कॉटिश डॉक्टरांनी १९७२ साली हाच मुद्दा लावून धरला: ज्या उपचारांची अशी पारख झालेली नाही, त्यांच्यावर सरकारचा पैसा का खर्च करायचा? त्यांच्या नावाने १९९३ साली सुरू झालेली ‘कॉक्रेन’ ही संस्था एकेका प्रश्नावरचे असे सगळे अभ्यास गोळा करून त्यांचा एकत्रित निष्कर्ष काढते. फिजिओथेरपीपुरतं हे काम सिडनीहून चालणाऱ्या ‘पेड्रो’ या ऑनलाइन साठ्यामुळे सोपं झालं. तो १९९९ पासून सगळ्यांसाठी मोफत आहे आणि तिथे प्रत्येक अभ्यासाला दहापैकी गुण दिलेले असतात. आमच्या क्षेत्रात दहापैकी दहा मिळवणं जवळपास अशक्यच. गोळीच्या अभ्यासात खोटी गोळी देऊन पेशंटला अंधारात ठेवता येतं. पण तुम्ही खुर्चीवरून उठताय की नाही हे तुमच्यापासून कसं लपवणार? आणि करून घेणाऱ्या फिजिओपासून तरी कसं? म्हणून आठ गुण म्हणजे उत्तमच धरायचे.

पुरावा म्हणजे नुसते अभ्यास, असा समज डॉक्टरांतही आहे. डेव्हिड सॅकेट या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली एका छोट्या लेखात तो खोडून काढला. उपलब्ध असलेला उत्तमातला उत्तम पुरावा, उपचार करणाऱ्याचा अनुभव आणि पेशंटला स्वतःला काय हवंय, या तिन्हींची सांगड घालायची, असं त्यांचं म्हणणं होतं. यातली तिसरी गोष्ट आपल्याकडे सगळ्यात आधी गळते. तिच्याकडे नंतर येते.

नव्वदीत ताकद वाढते

१९९० साली अमेरिकेत बोस्टनमध्ये मारिया फियाटारोन या डॉक्टरांनी वृद्धाश्रमातल्या दहा जणांना वजन उचलायला लावलं. सगळे नव्वदीच्या आसपासचे, अशक्त, अनेक आजार असलेले. हलकं-फुलकं काही नव्हतं. मांडीच्या पुढच्या स्नायूला जेमतेम उचलता येईल अशा जास्तीत जास्त वजनाच्या साधारण ८० टक्के भार देऊन, आठ आठवडे. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट झाली. मांडीच्या मधल्या भागातला स्नायूही नऊ टक्क्यांनी भरला.

दहाच माणसं, तुलनेला दुसरा गट नाही. एवढ्यावर कुणी विश्वास ठेवू नये आणि त्यांनीही तो ठेवला नाही. १९९४ साली त्यांनी १०० जणांचा, चिठ्ठ्या टाकून, दहा आठवड्यांचा अभ्यास केला. सरासरी वय ८७. व्यायामाच्या गटाची ताकद ११३ टक्क्यांनी वाढली, चालण्याचा वेग जवळपास १२ टक्क्यांनी वाढला, जिना चढण्याचा जोर २८ टक्क्यांनी. त्यातल्याच काहींना व्यायामाशिवाय नुसतं पौष्टिक पेय देऊन पाहिलं होतं. त्याने अशक्तपणा हटला नाही. मेडिकलच्या दुकानातून बाबांसाठी महागडी प्रोटीन पावडर आणणाऱ्या मुलांनी हे लक्षात ठेवावं. प्रथिनं लागतातच, पण स्नायूला काम मिळालं तर ती कामी येणार.

आता आपल्याकडचं चित्र बघा. ऐंशीच्या आजोबांना अर्ध्या किलोची वेट कफ बांधून दहा वेळा पाय उचलायला सांगतात. आजोबा ते गप्पा मारता मारता करतात. महिन्याने तीच वेट कफ, तेच दहा वेळा. पाचशेची गोळी लागणाऱ्या तापाला गोळीचा तुकडा द्यावा आणि मग ‘या वयात औषध लागू पडत नाही’ म्हणावं, तसला हा प्रकार. भार पुरेसा आहे का हे ओळखायची खूण सोपी आहे: आठ-दहा वेळा केल्यावर शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. नुसते नाहीत, चांगले जड. ते सहज जायला लागले की वजन वाढवायचं. बारा-पंधरा वेळा गप्पा मारत होत असेल तर तो हालचालीचा व्यायाम झाला, ताकदीचा नाही.

उलट्या बाजूचा पुरावाही तितकाच बोलका आहे. साठीच्या पुढच्या, पण धडधाकट लोकांना दहा दिवस अंथरुणात पडून राहायला लावलं, तर पायांतला जवळपास एक किलो स्नायू गेला, असं २००७ साली एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. हे निरोगी लोकांचं. ताप, ऑपरेशन किंवा मोडलेलं हाड असताना काय होत असेल? तरी आपल्याकडे आजारातून उठलेल्या सासूबाईंना पहिला प्रेमाचा सल्ला काय, तर ‘तुम्ही पडून राहा, आम्ही आहोत ना’. पाण्याचा ग्लाससुद्धा हातात. माया खरी असते, पण पाय त्याच मायेने बारीक होतात.

कचराळीच्या फेऱ्या आणि तोल

‘मॅडम, मी रोज पहाटे कचराळी तलावाला पाच फेऱ्या मारतो, मला कशाला हवा व्यायाम?’ हे मला ठाण्यात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य. चालणं उत्तमच. रक्तदाब, साखर, झोप, मन, सगळ्यासाठी. पण पडू नये म्हणून नुसतं चालणं पुरतं का, यावर अभ्यासांतून ठाम ‘हो’ निघत नाही.

पडणं रोखण्यावर कॉक्रेनचा मोठा आढावा २०१९ साली आला: १०८ अभ्यास, २३ हजारांहून अधिक ज्येष्ठ, सगळे आपापल्या घरी राहणारे. व्यायामाने पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी झालं. आकड्यात सांगायचं तर हजार माणसांमागे वर्षभरात ८५० वेळा पडणं होत असेल, तर ते ६५५ वर आलं. आणि खरा फायदा दिसला तो तोल आणि रोजच्या हालचालींच्या व्यायामात. तोलाबरोबर ताकदीचा व्यायाम जोडला, तर घट सुमारे ३४ टक्के दिसली. ताई ची या संथ हालचालींच्या चिनी व्यायामानेही उपयोग झाला. नुसत्या चालण्याचा, किंवा तोलाचा भाग न घेता नुसत्या वजनांचा पडण्यावर किती परिणाम होतो, याबद्दल मात्र पुरावा तोकडा निघाला.

कारण उघड आहे. सपाट ट्रॅकवर चालताना तोल फारसा पणाला लागतच नाही. माणूस पडतो तो रात्री दोनला बाथरूमकडे वळताना, ओल्या पायपुसण्यावर, रिक्षातून उतरताना, वरच्या फळीवरचा डबा काढताना, नाहीतर कुणीतरी हाक मारली म्हणून मागे वळताना. तोल सुधारायचा तर तो थोडा बिघडवावा लागतो. दोन्ही पाय जोडून उभं राहा. मग एक पाऊल दुसऱ्याच्या पुढे, टाच अंगठ्याला टेकवून. मग एका पायावर. मग तसंच उभं राहून मान डावी-उजवीकडे. मग बाजूला चाला, मागे चाला. प्रत्येक पायरीवर जरा डगमगलं पाहिजे. अजिबात डगमगत नसाल तर ती पायरी तुमच्यासाठी संपली, पुढची घ्या.

हे सगळं करायची घरातली सर्वांत चांगली जागा म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. कंबरेच्या उंचीचा, हलत नाही, घसरत नाही आणि मागे एक खुर्ची ठेवली की दोन्हीकडून आधार. दोन्ही हातांनी धरून सुरुवात, मग एका हाताने, मग दोन बोटांनी, मग हात ओट्यावर नुसते तरंगते. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात १९९० च्या दशकात तयार झालेला एक घरगुती व्यायामक्रम जगभर वापरला जातो. त्यात घोट्याला वजन बांधून ताकदीचे आणि तोलाचे मिळून सतरा व्यायाम असतात, आठवड्यातून तीनदा, वर चालणं. त्याने पडणं साधारण ३५ टक्क्यांनी कमी झालं, आणि ऐंशीच्या पुढच्यांना जास्त लाभ झाला. त्यात मशीन एकही नाही. फिजिओ किंवा प्रशिक्षित नर्स ठरावीक काळाने घरी येऊन वजन आणि पायरी वाढवते, एवढंच.

किती दिवस करायचं? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत ६५ च्या पुढच्यांसाठी तोल आणि ताकदीचा व्यायाम आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस सांगितला आहे, कायमचा. बोस्टनच्या त्या नव्वदीच्या मंडळींनी व्यायाम सोडल्यावर चारच आठवड्यांत ताकदीचा जवळपास तिसरा हिस्सा गमावला होता. दहा सिटिंगच्या कल्पनेचा फोलपणा इथे उघडा पडतो. दहा सिटिंगमध्ये व्यायाम शिकता येतो. स्नायू त्यानंतर घडतो.

मशीन: कुठे हो, कुठे नाही

‘आज मशीन नाही लावणार?’ असं विचारताना काकूंच्या चेहऱ्यावर जी निराशा असते, ती प्रत्येक फिजिओने पाहिली आहे. मशीन लावलं की उपचार झाला असं वाटतं. व्यायाम तर ‘आम्हीच केला’. क्लिनिकच्या दृष्टीनेही मशीन सोयीचं: तीन बेडवर तीन पेशंट एका वेळी होतात. तोलाचा व्यायाम करून घेताना मात्र फिजिओला एकाच माणसाजवळ उभं राहावं लागतं. या हिशेबाबद्दल आमच्यात कुणी फार मोठ्याने बोलत नाही.

इंग्लंडच्या नाइस या संस्थेने २०२२ साली सांधे झिजण्याच्या आजारावर मार्गदर्शिका काढली. व्यायाम सगळ्यांना द्या, आणि अल्ट्रासाउंड, टेन्स, इंटरफेरेन्शियल करंट यांसारखे विजेचे उपचार देऊ नका, कारण त्यांचा फायदा होतो असं म्हणायला पुरेसा आधार नाही, असं त्यात सरळ लिहिलं आहे. आपल्याकडच्या क्लिनिकमधला निम्मा वेळ ज्या गोष्टींत जातो, त्याच या गोष्टी. शेकाने बरं वाटतं हे मला मान्य आहे. मग तो घरी गरम पाण्याच्या पिशवीने घ्या. त्यासाठी रिक्षा करून, पैसे मोजून येण्याची गरज नाही. फक्त मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झालेली असेल तर जपून, भाजलेलं कळत नाही.

पण ‘मशीन म्हणजे थोतांड’ असंही म्हणून चालत नाही, पुरावा इतका सरधोपट नसतो. गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनचं उदाहरण घ्या. घरी आल्यावर अनेक ठिकाणी एक सीपीएम मशीन दिवसाच्या भाड्याने आणायला सांगतात. पाय पट्ट्यांनी बांधून ठेवायचा आणि मशीन गुडघा आपोआप वाकवतं, सरळ करतं. पलंगाची अर्धी जागा खाणारं हे धूड आठवडाभर घरघरत राहतं. २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यात याने गुडघा किती जास्त वाकला? सुमारे दोन अंश. डोळ्यांना दिसणार नाही इतका फरक. अमेरिकी फिजिओथेरपी असोसिएशनच्या २०२० च्या मार्गदर्शिकेनेही सीपीएम वापरू नका असं सांगितलं. मात्र त्याच मार्गदर्शिकेने ऑपरेशननंतर मांडीचा स्नायू जागा करण्यासाठी विजेने आकुंचन पावायला लावणारं मशीन वापरा, असंही सांगितलं, कारण त्याचा फायदा अभ्यासांत दिसला आहे. एकाच गुडघ्यासाठी दोन यंत्रं, दोन वेगळे निकाल.

म्हणून ‘मशीन लावणार का’ याऐवजी ‘हे कोणतं मशीन आणि त्याने माझं काय सुधारेल’ असं विचारावं. ‘सूज उतरते, रक्ताभिसरण वाढतं’ असं गुळमुळीत उत्तर आलं, तर पुढचा प्रश्न: ‘आणि मग जिना चढता येईल?’

लवकर उठवायचं, पण किती लवकर?

खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालं की दुसऱ्याच दिवशी पेशंटला उभं करून दोन पावलं टाकायला लावणं, हे आता जगभर मान्य आहे. घरच्यांना ते क्रूर वाटतं. ‘अहो, कालच टाके घातलेत!’ पण झोपून राहिलेल्या म्हाताऱ्या पेशंटला न्यूमोनिया, पायात रक्ताच्या गाठी, पाठीवर जखमा, संभ्रम, हे सगळं फार पटकन गाठतं. ऑपरेशन केलेलं असतं तेच लवकर उभं राहता यावं म्हणून.

मग हाच नियम लकव्यालाही लावावा, असं कुणालाही वाटेल; तज्ज्ञांनाही तसंच वाटत होतं. तो पडताळायला ‘अव्हर्ट’ नावाचा मोठा अभ्यास झाला: पाच देशांतली ५६ हॉस्पिटलं, २१०४ पेशंट, निकाल २०१५ साली. झटका आल्यापासून २४ तासांच्या आत वारंवार आणि भरपूर उठवलं-बसवलं-चालवलं, तो एक गट. नेहमीच्या पद्धतीचा दुसरा. तीन महिन्यांनी आपापलं करू लागलेले लोक पहिल्या गटात ४६ टक्के होते आणि नेहमीच्या उपचारांत ५० टक्के. म्हणजे पहिल्या दिवशी जोर लावल्याने नुकसानच झालं. त्याचा अर्थ लकव्यात झोपवून ठेवा असा नाही, नेहमीच्या गटातलेही लवकरच उठत होते. पण पहिल्या चोवीस तासांत थोडं-थोडं, आणि भरपूर सराव त्यानंतरच्या आठवड्यांत. तर्काने पटणारी गोष्टही मोजून बघावी लागते, ती यासाठी.

मोजल्याशिवाय काही खरं नाही

आता घरी करता येण्याजोगं. हात नसलेली, साधारण १७ इंच उंचीची, म्हणजे जेवणाच्या टेबलाला असते तशी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. आजींना मधोमध बसवा, हात छातीवर फुलीसारखे. मोबाइलवर तीस सेकंद लावा आणि पूर्ण उभं राहून पूर्ण बसणं किती वेळा होतं ते मोजा. हातांचा आधार घ्यावा लागला तर शून्य लिहायचं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या तक्त्यानुसार सत्तर ते चौऱ्याहत्तरच्या स्त्रीचे दहापेक्षा कमी आणि पुरुषाचे बारापेक्षा कमी झाले, तर पायांची ताकद कमी आहे आणि पडण्याचा धोका आहे असं समजतात. ऐंशी ते चौऱ्याऐंशीसाठी हेच आकडे नऊ आणि दहा.

दुसरी चाचणी १९९१ पासून वापरात आहे: खुर्चीतून उठा, तीन मीटर चाला, वळा, परत येऊन बसा. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर लक्ष द्यायची वेळ आली. आपल्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये दिवाण, टीपॉय आणि शू-रॅकमधून सरळ तीन मीटर मिळणं मुश्कील, तेव्हा दारासमोरचा पॅसेज बरा. वळताना काय होतं ते नीट बघा. एका झोकात वळतात, की पाच-सहा छोटी पावलं टाकत, भिंत चाचपत? वेळेच्या आकड्याइतकंच ते वळणं सांगून जातं. दोन्ही चाचण्यांच्या वेळी कुणीतरी हाताच्या अंतरावर उभं राहावं. छातीत दुखणं, चक्कर, अचानक धाप असं काही झालं तर तिथेच थांबून डॉक्टरांना विचारायचं. उठल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर तो तोलाचा नव्हे, रक्तदाबाचा किंवा गोळ्यांचा प्रश्न असू शकतो. तो व्यायामाने सुटणार नाही.

हे तक्ते अमेरिकी लोकांचे आहेत, त्यामुळे त्यांच्याशी फार झोंबू नये. खरी तुलना आजींची आजींशी. पहिल्या दिवशी सात, सहा आठवड्यांनी दहा, तर गाडी रुळावर आहे. सहा आठवड्यांनीही सातच, तर व्यायाम होत नाहीये, किंवा पुरेसा जड नाहीये, किंवा निदानच पुन्हा तपासायला हवं. क्लिनिकमध्ये पहिल्याच दिवशी असं एखादं माप घेतलं नसेल, तर दहाव्या दिवशी काय साधलं हे सांगणार तरी कशावरून? ‘आता कसं वाटतंय?’ हे माप नाही. आजी फिजिओचं मन राखायला ‘छान’च म्हणतात.

आजींना काय हवंय?

आता ती राहिलेली तिसरी गोष्ट. अभ्यास बहुतेक परदेशातले, खुर्चीवर बसणाऱ्या, कमोड वापरणाऱ्या, लिफ्टच्या इमारतीत राहणाऱ्या लोकांवरचे. नौपाड्यातल्या लिफ्ट नसलेल्या जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, आयुष्यभर जमिनीवर बसून भाजी निवडलेल्या बाईंना काय हवंय, हे त्या तक्त्यांत सापडत नाही. कुणाला गौरीच्या वेळी पाटावर बसायचंय. कुणाला भजनी मंडळात खाली सतरंजीवर. कुणाला कळव्याच्या बहिणीकडे एकटीने जायचंय, म्हणजे स्टेशनचा पूल आणि लोकलची ती उंच पायरी. एका आजोबांचं म्हणणं होतं, ‘मला फक्त गडकरी रंगायतनला नाटक बघायचंय आणि मध्यंतरात कुणाचा हात न धरता बाहेर येऊन बटाटेवडा खायचाय.’ त्यापेक्षा नेमकं उद्दिष्ट मी लिहिलेलं नाही: एवढ्या पायऱ्या, एवढा वेळ बसणं, अरुंद रांगेतून आडवं चालणं, गर्दीत एका हातात प्लेट धरून उभं राहणं. व्यायाम त्यावरूनच ठरले.

जमिनीवरून उठणं हा तर आपल्याकडचा स्वतंत्र विषय व्हायला हवा. पडल्यावर हाड न मोडताही केवळ उठता न आल्याने तासन् तास पडून राहिलेली माणसं असतात. ते टप्प्याटप्प्याने शिकवता येतं: कुशीवर वळा, कोपरावर या, चार पायांवर या, खुर्ची धरा, बळकट पाय पुढे घ्या, उठा. गुडघा बदललेल्यांनी खाली बसायचं का, मांडी घालायची का, हे त्यांच्या सर्जनला विचारूनच. बाकीच्यांनी ‘आता खाली बसूच नका’ हा सरसकट सल्ला मुकाट्याने घेऊ नये. कशामुळे, हे विचारावं.

अभ्यासांची आणखी एक मर्यादा: विस्मरणाचा आजार, पार्किन्सन्स, हृदयविकार आणि मधुमेह एकत्र असलेल्या माणसांना पुष्कळदा अभ्यासात घेतच नाहीत. आणि प्रत्यक्षात दारात येतात ते नेमके हेच पेशंट. तिथे फिजिओचा अनुभव लागतो. फक्त तो अनुभव ‘मला वाटतं’वर न थांबता मोजून पाहणारा हवा.

पहिल्या भेटीत विचारायला फार प्रश्न लागत नाहीत. आमचं उद्दिष्ट काय धरलंय? आज काय मोजलं, पुन्हा कधी मोजणार? वजन कधी वाढवणार? घरी आठवड्यातून किती दिवस करायचं आणि ते बरोबर होतंय हे कोण बघणार? डिग्री आणि राज्याच्या परिषदेची नोंदणी आहे का, हेही बिनधास्त विचारा; ‘थेरपिस्ट’ अशी पाटी कुणीही लावतो आणि मालिशवाल्यालाही लोक फिजिओ म्हणतात. ज्यांना या प्रश्नांचा राग येतो, तिथून निघालेलं बरं.

घरच्यांकडे एक काम उरतं आणि तेच अवघड आहे: आजींना उठू देणं. पाणी त्यांनाच आणू द्या. भांडी त्यांनाच मांडू द्या, एकेक करून का होईना. व्यायाम झाला की भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात त्यांच्या हाताने टिक. आठवड्याच्या ओळीत तीन टिका दिसत नसतील तर पुढच्या सिटिंगला फिजिओला तेच आधी सांगा, दुखणं नंतर.